सकाळी चुकणारं मशीन

पहिल्यांदा ती मूठ आपोआप फिरली तेव्हा मी किंचाळले, मुलीला काखेत मारलं आणि थेट खळ्यात जाऊन तुळशीमागे उभी राहिले. हात नाही, माणूस नाही आणि लोखंडाची मूठ टक टक टक करत अर्धा वळसा घेऊन थांबली! आतून हे ओरडत होते, "गो, फिरली! फिरली गो! बघलंस?"

बघितली होती, म्हणून तर पळाले होते.

सासरे खळ्यात सुपारी सोलत बसलेले. ते न उठताच म्हणाले, "लागला वाटता मशिनीक कायतरी. मी म्हणत होतंय, गोंयची वस्तू घरात घेवच्या आधी देवाक विचारूक व्हया."

मला विजेचं भय फार. माहेरी वीज नव्हतीच. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा दिव्याचं बटण दाबताना मी पदर बोटाला गुंडाळायचे. आणि आता पडवीत वायरींचं जाळं, त्यात उघड्या पट्टीवर डाग दिलेल्या चकत्या, आणि माझी मुलगी नुकती रांगायला लागलेली, जे दिसेल ते तोंडात घालणारी. माझा जीव दिवसभर टांगणीला असायचा. पण त्या दिवशी तुळशीमागे उभी राहून मी थरथरत होते ते सगळं भयाने नव्हतं. आत कुठेतरी मला नाचावंसं वाटत होतं.

ते मशीन म्हणजे छोटं मिलिंग. मुलीचे बाबा गोव्यात एका वर्कशॉपात कामाला होते, आठवड्याने घरी यायचे. तिथला मालक म्हातारा झाला, त्याने दुकान बंद केलं, मोठी मशिनं विकली आणि हे सगळ्यात लहान ह्यांना देऊन टाकलं. ते गोव्याहून रिकाम्या परतणाऱ्या मासळीच्या टेंपोतून आलं. पडवीत पूर्वी भाताची कणगी असायची त्या जागी बसवलं, आणि पुढे कितीतरी दिवस घरात बांगड्यांचा वास. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "झिलान म्हावरा हाडल्यान, पण लोखंडाचा."

मिलिंगचं काम असं, की टेबलावर लोखंडाचा तुकडा घट्ट धरायचा, वर कटर गरगरत असतो, आणि मुठी फिरवून तुकडा त्या कटरखाली सरकवायचा. एक मूठ डावीउजवीकडे सरकवते, दुसरी पुढेमागे. सरळ रेघ कापायची तर एक मूठ पुरते. वळण कापायचं तर दोन्ही मुठी एकदम फिरवायला लागतात, एक जलद, एक हळू, आणि मध्येच उलट, एक हळू, एक जलद.

आणि आम्हाला नेमकं वळणच हवं होतं.

दोडामार्गाच्या अंगाला एका शेठचा काजूचा कारखाना होता. काजू फोडायचं यंत्र असतं, बाई समोर बसते, बी दोन पात्यांच्या मधे धरते आणि पायाने खटकन दाबते. ही पाती काजूच्या बीसारखी वळलेली. मी सातवीनंतर शाळा सोडली आणि लग्नापर्यंत अशाच एका कारखान्यात बसले, म्हणून मला माहीत आहे, पात्याचं वळण जरा बिघडलं की गर अख्खा निघत नाही, तुकडा होतो, आणि मुकादमीण बोलते ती बाईला, पात्याला कोण बोलतं! शेठची पाती मंगळुराहून यायची, म्हणजे कधी यायची, कधी यायची नाहीत. हे त्याला जाऊन म्हणाले, मी करून देतो. शेठ पोट धरून हसला.

"खंय करतलस?"

"घराक. पडवीत."

"पडवीत कोंबडी झाकतत रे, पाती खंय करतत?"

पण माणूस वाईट नव्हता. त्याने नमुन्याला एक जोडी दिली आणि म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत कापून दाखय. जमला तर वर्सभर तुकाच काम."

आणि नाही जमलं तर आखात. बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे चाचा होते, त्यांचा भाऊ तिकडे होता, त्याने ह्यांच्यासाठी काम बघून ठेवलेलं. पासपोर्ट निघाला होता. आंगणेवाडीची जत्रा झाली की निघायचं असं ठरलेलं. एकदा गेलं की करार संपेपर्यंत घरी येणं नाही. आमच्या वाडीत दोन घरांत मी बघितलं होतं, बाप बॅगा घेऊन दारात उभा आणि पोर आईच्या मागे लपून विचारतंय, "आये, हो कोण?" बाप हसतो, पण त्याचं तोंड बघवत नाही. मी ह्यांना जाऊ नका असं एकदाही म्हटलं नाही. कसं म्हणू, दुसरं काम होतं कुठे? पण देवासमोर हात जोडले की माझ्या तोंडात एकच, ते पातं होऊ दे, ते पातं होऊ दे.

आधी आम्ही हातांनीच करून बघितलं. दोघांनी. हे म्हणाले, "तू ही मूठ धर, मी ती धरतंय. 'चल' म्हटलंय की फिरव, 'रव' म्हटलंय की थांब."

मी कमरेला पदर खोचला आणि धरली.

"चल. चल. हळू गो! आता जलद! जलद! गो, उलटी नको!"

"तुमीच सांगलात, चल!"

"चल म्हणजे फुडे चल!"

"फुडे खंय ता माका काय म्हायत? माका हयसून सगळा एकच दिसता!"

जे निघालं ते कुरतडलेल्या आंब्याच्या बाठीसारखं. सासऱ्यांनी ते उजेडात धरलं, फिरवून बघितलं. "ह्या काजूक काय झाला? दृष्ट लागली?" हे चिडले आणि नमुन्याचं पातं खिशात घालून सायकल काढून गेले ते चाचांच्या दुकानात. चाचांना म्हणाले, चार हात आसत, पण डोकी दोन, तिथे सगळी बोंब. एकाच डोक्याने दोन्ही मुठी फिरवायला हव्यात.

चाचा म्हणाले, "तसला डोक्या माझ्या घरात आसा. पोरा त्येच्यार खेळ खेळतत."

ते डोकं म्हणजे कॉम्प्युटर. चाचांच्या भावाने तिकडून मुलांसाठी आणलेला. मी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं समजत होते, आणि चाचांनी पिशवीतून काढला तो शाळेच्या पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा! त्याला टीव्ही जोडायचा, टेपरेकॉर्डर जोडायचा. मोटरी चाचांनीच गोव्याच्या भंगारातून शोधून आणल्या. त्या पंख्यासारख्या गरगर फिरत नाहीत, पावलं टाकत फिरतात, जितके टक सांगाल तितकेच टक. एकेका मुठीला एकेक मोटर जोडली, मधे दातेरी पट्टे. चाचा आमच्या पडवीत मांडी घालून, कॉम्प्युटरचं सांगणं मोटरींना पोचवणाऱ्या चकत्या पट्टीवर डाग देऊन बसवायचे आणि मला म्हणायचे, "भियां नको गो बाय, ह्या करंटान मुंगीसुद्धा मरूची नाय." मुलगी मात्र मी कमरेला ओढणी बांधून, ओढणीला खांबाचा वळसा देऊन अडकवून ठेवली होती. ओढणीची दुसरी गाठ माझ्या पायाला.

कॉम्प्युटरला काय करायचं ते लिहून सांगावं लागतं. ह्यांनी खडूने पडवीच्या दारावर आकडे लिहून काढले, नमुन्याचं पातं कागदावर ठेवून, त्याची कड मोजून मोजून, इथून इथे किती टक, तिथून तिथे किती. मग टाइप करायला बसले. ह्यांचं एक बोट दोन बटणांवर पडायचं. पाचच्या जागी पाच आणि सहा दोन्ही. मी मागून बघत होते, माझ्याने राहवेना.

"तुमची बोटा म्हणजे केळी. सरा."

"तुका इंग्रजी येता?"

"एबीसीडी येता. आणि आकडे काय इंग्रजीत वेगळे मोजतत?"

मी बसले. पहिलं बटण दाबताना डोळे मिटले होते हे खरं आहे. मऊ रबर, झटका नाही, काही नाही, आणि टीव्हीच्या काचेवर माझा आकडा उमटला! मी दाबला म्हणून! मी दुसरा दाबला. तिसरा. शब्दांचा अर्थ मला कळत नव्हता, हे अक्षर अक्षर सांगायचे आणि मी टाइप करायचे, पण आकडे माझे होते. दारावर एक ओळ दोनदा लिहिलेली, तीही मीच पकडली. संध्याकाळ व्हायला आली, शेवटची ओळ राहिली होती, मी मान मोडून बसलेले, आणि लाइट गेली.

आली तेव्हा टीव्हीवर काही नव्हतं. सगळं पुसलेलं. मी तिथेच भोकाड पसरलं. माझं बघून मुलीनेही पसरलं. चाचांनी कपाळावर हात मारला, "आरे, कॅसेट भरूक सांगूचा रवला!" मग कळलं की टाइप केलेलं मधून मधून कॅसेटवर भरून ठेवायचं असतं. परत लावताना टेपमधून असा काही चिरका आवाज निघायचा की सासरे आतून ओरडायचे, "भजन लाव म्हटला तर ह्या काय लावलास? मांजराक कोण मारता?"

मूठ पहिल्यांदा फिरली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा मी पळाले. तिसऱ्यांदा फिरली तेव्हा मी दारात उभी होते. मग हळूहळू मीच ते बटण दाबायला लागले ज्याने सगळं सुरू होतं, आणि ह्यांनी दाबलं तर मला राग यायचा.

लगेच लोखंड कापायचं नव्हतं. ह्यांनी कटरच्या जागी पेन बांधलं, टेबलावर कागद चिकटवला. मी बटण दाबलं. डावी मोटर टक टक, मग उजवी टक टक टक, मग दोन्ही एकदम, आणि कागदावर पेन चालायला लागलं, कोणी न धरलेलं पेन! आधी पोटाकडची फुगीर बाजू, मग वरचं टोक, मग आतला बाक, तो बाक आम्हा दोघांना चार हातांनी जमला नव्हता, आणि हे पेन तो बाक असा काढत होतं जसं पाणी वळतं. रेघ फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. नेमकी. मी "अगो बाय!" म्हणून ह्यांचा दंड धरला, सासऱ्यांसमोर, मला भानच राहिलं नाही.

सासरे वाकले. कितीतरी वेळ बघत राहिले. मग बीवरचं फळ शोधत म्हणाले, "बोंडू खंय आसा ह्येचो?"

"बाबांनू, बोंडू नाय व्हयो, नुसती बी व्हयी!"

"मगे अर्धा काम झाला म्हण ना." पण तो कागद त्यांनी घडी घालून टोपीत ठेवला आणि वाडीभर दाखवला.

त्यानंतर घरात जो उत्साह आला तो मी कधी बघितला नव्हता. हे सकाळी लोकांचे पंप दुरुस्त करायला जायचे, दुपारी जेवून मशीनवर. जेवताना हाताने ताटात काजू काढायचे. आधी लाकूड कापलं, मग मऊ पत्रा, मग लोखंड. कटर लोखंडात शिरला की सगळी पडवी गुरगुरायची, तुळईवरची धूळ पडायची, आणि आतून ते वळण चकचकीत बाहेर यायचं. ह्यांनी ते नमुन्याशेजारी ठेवलं आणि मला म्हणाले, "वळख, माझा खंयचा?" मी ओळखू शकले नाही. त्याच दिवशी शेठला निरोप गेला. शेठचा उलटा निरोप आला, मालवणला यायचं आहे, वाटेत सकाळीच येतो, सकाळी उन्हं चढायच्या आधी.

सकाळी म्हटल्यावर ह्यांनी एकदा सकाळी कापून बघावं म्हणून पंपाचं काम सोडलं. मी बटण दाबलं. आणि वळण मिळेना! रेघ जिथून निघाली तिथे परतायच्या आधीच संपली. काजूचं तोंड उघडं, जणू कोणी बी चावली. परत कापलं, परत तोंड उघडं, आणि ह्या वेळी वेगळ्या जागी. दुपारी कापलं, नेमकं मिळालं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोंड उघडं.

आम्ही वेडे व्हायची पाळी आली. दुपारी शहाणं आणि सकाळी चुकणारं मशीन कोणी बघितलंय? चाचा म्हणाले, व्होल्टेज. पण सकाळी तर दिवा चांगला पेटतो, संध्याकाळीच मलूल होतो. तरी त्यांनी पट्टीवरच्या चकत्या बदलल्या. ह्यांना वाटलं आकडे चुकले, मी सगळे आकडे पुसून नव्याने टाइप केले. पुन्हा तेच. कॉम्प्युटरला डोळे नाहीत ना, तो सांगतो इतके टक फिर, मोटर मध्येच दमली, दोन टक अडली, तरी त्याला कुठे कळतं? तो आपला पुढचं सांगत सुटतो. पण मोटर दमते का, आणि सकाळीच का, ते कळेना.

शेठ येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी नारळ आणला. मशीनसमोर ठेवला, टोपी नीट केली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे काही नवं करायचं, काही अडलं, की देवाला असं उभं राहून सांगायचं असतं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं.

"ह्या लेकरान घरात मशीन हाडलेला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ता दुपारचा सरळ चलता आणि सकाळचा वाकडा चलता. तर त्या मशिनीच्या पाठीमागे कोणाची नजर असात, कोणाचा बोलना असात, तर ता दूर कर. आणि तो जो कोण कॉम्प्युटर आसा, तेकाय सकाळी उठूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यांचा आवाज सगळ्यात मोठा. मी बघितलं तर हसत नव्हते. मग बाहेर पायरीवर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या शेठ सकाळीच येतलो. चाचांका सांगून ठेवतंय, तिकीट बघा म्हणून." मुलगी त्यांच्या मिशा ओढत होती, आणि ते ओढू देत होते.

सकाळी कडाक्याची थंडी. खळ्यात माडांवरून दव टपटपत होतं. हे पहाटेच उठून मशीन पुसत बसले होते. मी चुलीपाशी मुलीला आंघोळीआधी तेल लावायला घेतलं. तेलाची बाटली उपडी केली, थेंब पडेना. थंडीत खोबरेल थिजतं, त्यात नवं काही नाही, रोज सकाळी मी बाटली वैलावर ठेवायचे आणि सुटलं की मुलीला चोळायचे. तसं केलं. एक पाय चोळून झाला, तोच हे ओरडले, "गो, चेडू हय इला! धर तेका!" माझा डोळा चुकवून ती उघडीनागडी, एका पायाला तेल, रांगत पडवीत पोचलेली आणि मशीनच्या खाली शिरून बोट चोखतेय.

मी वाकून तिला ओढलं. टेबलाच्या पोटाखाली पांढरा थेंब लोंबत होता. मला वाटलं मेणबत्तीचं मेण, लाइट गेली की आम्ही तिथेच मेणबत्ती धरायचो. नखाने खरवडला. नखाखाली घट्ट, बोटावर आला आणि वितळला. मी वास घेतला. मग दुसऱ्या हाताचा वास घेतला, ज्याने मुलीला चोळत होते.

दोन्ही हातांना एकच वास.

"अवो!" मी असं ओरडले की शेजारची कोंबडी उडाली. "अवो, ह्या बघा! खोबरेल! मशिनीत खोबरेल तेल थिजलासा!"

ह्यांनी आडवं पडून टेबलाखाली डोकं घातलं. टेबल ज्या खाचांवरून सरकतं त्या खाचा, आतल्या स्क्रूचे आटे, सगळीकडे पांढरं, तुपासारखं बसलेलं. वरून काही दिसत नव्हतं, वरून तर ते रोज पुसत होते. मोटर बिचारी त्या थिजल्या तेलातून टेबल ओढायची, कुठे ओढलं जायचं, कुठे अडायचं. आणि दुपारी ऊन पडवीत आलं की तेल सुटायचं, टेबल लोण्यासारखं!

"खोबरेल इला खंयसून? मी घातलंय नाय!"

सासरे चहाची कपबशी घेऊन दारात उभे. "मी घालतंय."

"तुमी?"

"सांजचो दिवो लावलंय की मशिनीकय वाईच. तुझा ता काळा तेल घाण मारता." मग आमचे चेहरे बघून त्यांचा आवाज चढला. "रहाटाक घालतंय, दाराच्या बिजागऱ्येक घालतंय, माझ्या गुडघ्याक घालतंय. कोणाक कधी बाधला?"

दिवसभर त्या मशिनीला टोचून बोलणारे हे म्हातारबाबा, रोज संध्याकाळी आम्ही आत असताना तिला गुपचूप तेल पाजत होते. ह्यांच्या तोंडावर आधी राग आला, तो तिथेच थांबला, मग ते जमिनीवर बसकण मारून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाबांनू, तुमच्या गुडघ्याक आमी कॉम्प्युटर लावलेलो नाय!"

"लावशात तर बरा व्हतला," सासरे म्हणाले. "जिन्यार चडताना दुखता."

पण हसायला वेळ कुठे होता! शेठ येणार होता! हे टेबलाच्या पट्ट्या सोडवायला लागले, मी रॉकेलचा डबा आणला, जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या, सासऱ्यांनी कपबशी ठेवली आणि तेही बसले, त्यांना कोणी सांगितलं नाही. रॉकेलने पुसायचं, चिंधी पिळायची, पुन्हा पुसायचं. माझी बोटं गारठून लाकूड झाली होती. आणि सगळं स्वच्छ झालं तेव्हा लक्षात आलं की ह्यांचं काळं तेल संपलेलं, आता घालायला मशीनचं तेल घरात नाही! बाजार उघडायला अवकाश. मी म्हटलं, "थांबा." माझ्या शिलाई मशीनच्या खणात तेलाची इवलीशी बाटली होती, माहेरहून आणलेली. पुरेल का? थेंब थेंब घालून पुरवली. हे मूठ हाताने फिरवून बघतात तो टेबल असं सरकलं, असं, काही आवाजच नाही. आणि खाली पाणंदीत जीपचा हॉर्न वाजला.

शेठ आला तेव्हा मी रॉकेलने बरबटलेली, केस सुटलेले, मुलीच्या एकाच पायाला तेल. तोंड धुवायलाही सवड नाही. शेठने पडवीत पाय ठेवला, वायरींकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, आणि मी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले तेव्हा ह्यांना विचारलं, "ही चलयता?"

ह्यांच्या आधी सासरे बोलले. "सून आसा माझी. सातवी पास." जणू काय वकिली पास!

मी बटण दाबलं. कटर लोखंडात शिरला, पडवी गुरगुरली. मी टीव्हीकडे बघत नव्हते, टेबलाकडेच बघत होते. डावी मोटर, उजवी मोटर, दोन्ही. फुगीर बाजू झाली. टोक झालं. आतल्या बाकावर आलं आणि दिवा एकदम मंद झाला, कोणीतरी वाडीत पंप लावला असणार, मी मनातल्या मनात त्या पंपवाल्याला काय काय शिव्या दिल्या ते लिहिणार नाही. दिवा पुन्हा वर आला. टक टक टक. सासरे माझ्या मागे अगदी हळू आवाजात "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" म्हणत होते. रेघ फिरून आली. जवळ आली. अजून जवळ. मिळाली!

हे तुकडा सोडवायला लागले. तीस पावसाळे बघितलेले हात, पाना कधी सुटला नव्हता त्यांतून, आणि त्या दिवशी पडला.

शेठने नवं पातं नमुन्याच्या पात्याला लावून उजेडाकडे धरलं. मधून उजेड येतो का बघत होता. मग खिशातून उकडलेली काजूची बी काढली, दोन पात्यांच्या मधे धरून व्हाईसमध्ये, म्हणजे त्या लोखंडी चिमट्यात ठेवली, आणि दांडा आवळला. खट्. कवच उघडलं. त्याने बी माझ्याकडे पुढे केली, त्याला कोणी सांगितलं होतं की काय, की मी कारखान्यात बसलेली आहे. मी हेअरपिनने गर सोडवला, तळहातावर घेतला, उलटा करून बघितला, पोट, पाठ, टोक.

"अख्खो," मी म्हटलं.

"अख्खो?"

"अख्खो! चीरसुद्धा नाय!"

शेठ हसला, पण पहिल्यासारखा नाही. ह्यांना म्हणाला, "मंगळुरवाल्याक आज सांगून टाकतंय, नको म्हणून. पण तू आखातात जातलस म्हणान ऐकलंय. मगे माझी पाती कोण करतलो?"

हे उत्तर द्यायला तोंड उघडतात तोवर सासरेच म्हणाले, "खंय जातलो तो? मशीन कोण पुसतलो?"

"मी खंय जातंय," हे म्हणाले.

जीप गेली. मी मुलीला उचलून गरागरा फिरवली, ती खिदळत होती, मी हसत होते की रडत होते कोण जाणे. हे सायकल काढून चाचांकडे गेले, भावाला कळवा, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या असं सांगायला. परत आले तेव्हा मला वाटलं आता काहीतरी बोलतील, आमच्या दोघांचं असं काही. पण ह्यांनी खुंटीवरची सुतळी काढली आणि पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरायला लागले.

"ह्या काय?" मी विचारलं.

"पाऊस पडूच्या आधी हयसर भिंत व्हयी. खारो वारो लागलो की मशीन गंजतला. चिरे सांगून येवक व्हये. धर गो त्या टोकाक. घट्ट धर, लोंबता ता."

मी मुलीला कडेवर घेतलं आणि सुतळीचं टोक घट्ट धरलं.